अलोऱ्याचा पडदा, रत्नागिरीचं यंत्र

अलोऱ्याच्या प्रकल्प कॉलनीत कॉम्प्युटर मी आणला, हे माझे शत्रूही मान्य करतील. खरं तर आणला तो नुसता पडदा आणि कीबोर्ड. प्रोग्रॅम राहायचा रत्नागिरीच्या कचेरीतल्या मोठ्या यंत्रात, आणि आमच्या एकुलत्या एका टेलिफोनच्या तारेवरून इथे चालायचा. सन अठ्ठ्याऐंशी. त्या तारेवर माणसाचं बोलणंही धड ऐकू येत नसे, आणि मी त्यावरून अख्खं भांडार चालवणार होतो!

दसऱ्याआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी मुंबईचे मोठे साहेब हा प्रयोग बघायला आले. माझा रत्नागिरीला बदलीचा अर्ज त्यांच्याच बॅगेत होता. बायको कमळा तिथे शिक्षिका. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी आमचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चाललेला. प्रयोग झाला की बदली झालीच, असं मी तिला छातीठोक कळवून बसलो होतो.

साहेब खुर्चीत बसले. मी कळ दाबली. पडदा काळाच.

"झोपलाय वाटतं," आमचा शिपाई महिपत म्हणाला.

मी रत्नागिरीला फोन लावला. तिथलं यंत्र आनंदीबाईंच्या ताब्यात.

"आनंदीबाई, यंत्र बंद का?"

"खंडेनवमीची पूजा नाय का? उद्या-परवा सुट्टी, म्हणून आजच उरकली. पुसून, हार घालून ठेवलंय. पूजलेलं हत्यार चालवायचं नसतं हो."

"अहो, साहेब समोर बसलेत."

"मग त्यांना विचारा, त्यांच्या हापिसात चालवतात का."

मी विचारलं नाही. हातापाया पडलो, तेव्हा बाई कशाबशा तयार झाल्या. फोन ठेवून मी कळ दाबणार, तोच घंटा वाजली.

"चालू केलंय. दिसतंय का?"

"तुम्ही फोन ठेवलात तर दिसेल. तार एकच आहे."

त्यांनी ठेवला आणि मिनिटभरात पुन्हा केला. "आता दिसतंय?"

असं तीनदा झालं. चौथ्यांदा साहेबांनीच फोन उचलला. "बाई, मी चीफ इंजिनिअर बोलतोय. फोन ठेवा."

"ठेवते. पण हार काढलेला नाय, तेवढं चालेल ना?"

साहेबांनी हाराला मंजुरी दिली. मग पडद्यावर अक्षरं उमटली. सिमेंट, पाइप, खिळे, सगळी यादी आली. माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

"म्हणजे रत्नागिरीचं काम इथे बसून होतं?"

"सगळं होतं, साहेब. तिकडे पाऊल टाकायचीसुद्धा गरज नाही."

साहेबांनी बॅगेतून माझा अर्ज काढला आणि नेमकं हेच वाक्य कारण म्हणून लिहून तो नामंजूर केला.

कमळाला पत्र लिहायला घेतलंय. 'प्रयोग उत्तम झाला' इथपर्यंत आलोय.