डाव्या आसनाची हकीकत

श्री. ज्याने माणसास डोळे दिले आणि डोळ्यांमागे लक्ष नावाचा दिवा लावून ठेविला, त्यास दंडवत घालून हे वर्तमान लिहिले आहे. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, ते साली कोण्या एका राज्यात, नाव सांगून काय करावयाचे, ऐसे जाहले की, यंत्रशाळेचे अधिपती केदारभट यांनी नजरयंत्र सिद्ध करून दरबारी आणिले. यंत्राची करामत ऐसी की, त्यापुढे कोणताही देखावा ठेविला असता पाहणाराची नजर आधी कोठे धावेल ते रंगवून दाखवी. धावेल तेथे तांबडे, न धावेल तेथे निळे. हजारो रयतेस चित्रे दाखवून, त्यांची बुबुळे कोठे कोठे फिरली ते भटजींनी यंत्रास शिकविले होते, आणि यंत्रही हुशार, भडक वस्त्र, हलती वस्तू, माणसाचा चेहरा यांवर अचूक तांबडे करी. मग दरबारास वेडच लागले. जो तो आपली जागा तांबडी व्हावी म्हणून झटू लागला, आणि कारभारी विसाजीपंत, साठी उलटलेले गृहस्थ, केशरी पागोटे घालून येऊ लागले, आणि कोणी पुसिले तर घरी लग्नकार्य आहे म्हणून सांगू लागले. कार्य कोणाचे ते मात्र कोणास कळले नाही.

त्याच साली माघमासी महाराजांस अकस्मात वाताचा झटका आला. राणीसाहेब चंद्राऊ त्या समयी भावाच्या घरी बारशास गेल्या होत्या. निरोप पोचताच तशाच निघाल्या, परंतु येतात तो महाराज शुद्धीवर आले होते, वैद्यराजांनी शिकस्त केली होती, आणि ज्या घडीस जवळ असावयाचे त्या घडीस आपण नव्हतो, हे शल्य बाईसाहेबांचे काळजात रुतून बसले. ईश्वरकृपेने महाराज उठले, बोलू लागले, काठीच्या आधारे चालू लागले. डावा हात किंचित जड राहिला, इतकेच. डोळे तपासिले ते स्वच्छ. सर्वांनी देवास साखर ठेविली आणि संकट टळले ऐसे मानिले.

परंतु महाराज पहिल्यासारखे नव्हते. चालता चालता डाव्या खांदियाने दाराच्या चौकटीस धडकत आणि चौकट मध्ये कोणी आणिली म्हणून रागे भरत. भोजनास बसले म्हणजे भाजी, आमटी, वरण सर्व संपवीत, आणि ताटाची डावी बाजू, चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, जैसीच्या तैसी राही. मुदपाकखान्याचे बाळंभट यांची पंचामृती चटणी मुलुखात नावाजलेली. ते बिचारे पडद्याआड उभे राहून डोळे पुसत. आणि सर्वांहून वाईट ते हे की, महाराज राणीसाहेबांकडे पाहीनासे जाहले.

त्या घराण्याची पूर्वापार चाल ऐसी की, राणी ती वामांगी. दरबारी, भोजनी, झोपाळ्यावर, आजारीपणात उशाशी, जेथे तेथे तिचे आसन महाराजांचे डाव्या हातास. समोर येऊन तोंडास तोंड देणे रीतीस मंजूर नाही. त्याप्रमाणे बाईसाहेब डावीकडे बसल्या असता, आजारानंतरच्या पहिल्याच दरबारी महाराजांनी उजवीकडील विसाजीपंतांस पुसिले की, चंद्राऊ आल्या नाहीत काय? बाईसाहेब हातभर अंतरावर बसलेल्या, त्यांचा पदर महाराजांचे बाहीस लागत होता. त्यांनी हळूच म्हटले, मी येथेच आहे. तो महाराजांनी मान उजवीकडे वळवून विसाजीपंतांसच उत्तर केले की, बरे, आल्या म्हणजे सांगा. मग रोज तेच. रोज भरल्या दरबारी, तिच्या देखत, ती कोठे आहे म्हणून पुसावे. लोकांनी मानिले की हा टोमणा आहे, आणि बाईसाहेबांनीही तेच मानिले, की झटक्याचे वेळी आपण बारशाचे पेढे वाटीत होतो, त्याची ही शिक्षा. त्या कोणास काही बोलिल्या नाहीत. अंधार पडण्याआधीच दिवे लावावयास सांगत, म्हणजे डोळे चुरचुरण्यास धुराचे निमित्त होई.

विसाजीपंत माणूस वाईट नव्हे, परंतु ज्याचे हाती नवे यंत्र त्यास जुनी अक्कल आठवत नाही. त्यांनी केदारभटांस बोलाविले. यंत्राने सिंहासनाचा देखावा पाहून सांगितले की, राणीसाहेब हिरव्या शालूत बसल्या आहेत, येथे नजर धावलीच पाहिजे, आणि तेथे लालभडक ठिपका केला. मग भटजींनी दुसरे भिंग लावून महाराजांची खरोखरची नजर मोजिली, तो उजवीकडे सर्व तांबडे, डावीकडे सर्व निळे, आणि निळ्यात मधोमध बाईसाहेब. त्यांचे आसनाशी समया लाविल्या, शालू बदलून कुसुंबी नेसविला, मोरचेल हलविले. निळे ते निळेच. तेव्हा विसाजीपंत बोलिले की, जेथे मन तेथे नजर, यंत्र लबाडी करीत नाही, बाईसाहेबांनी काही काळ माहेरी राहावे, यात उभयतांची अब्रू आहे. महाराजांस पुसण्याचे धाडस कोणास होईना, आणि बाईसाहेबांस तर मुळीच होईना, कारण उत्तर आपणास ठाऊक आहे ऐसे त्या समजून होत्या. दुसरे दिवशी भोजनोत्तर निघावे ऐसे ठरले, आणि मेणा दाराशी येऊन उभा राहिला.

त्या दिवशी बाईसाहेबांनी बाळंभटांस बाजूस सारून महाराजांचे ताट स्वतः वाढिले. मीठ, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी आमटी उजवीकडे, सर्व रीतसर. परंतु मन ठिकाणी नव्हते, डोळे भरले होते, आणि ताट पाटापुढे ठेविताना फिरले गेले, डावे ते उजवे आणि उजवे ते डावे जाहले. ज्या घरात मुंजीचे बटूसही डावे उजवे कळते, त्या घरच्या राणीचे हातून ही चूक व्हावी, बाळंभटांस तर घेरी येण्याची बाकी राहिली. बाईसाहेब चालीप्रमाणे डावीकडे बसून राहिल्या, त्यांचे ध्यानीही आले नाही. तो महाराजांनी चटणीस बोट लाविले, आणि लहान मूल हसते तैसे हसले. मग कोशिंबीर खाल्ली, लिंबू चोखले, आणि बोलिले की, बाळंभटांचा रुसवा गेला म्हणावयाचा, किती दिवसांनी चटणी वाढिली. भाजी आमटीस मात्र हात नाही. ताटात काहीच उरले नाही, ऐसे पाहून ते हात धुवावयास पाणी मागू लागले.

बाईसाहेबांनी ताटाकडे पाहिले, महाराजांकडे पाहिले, आणि हात लांब करून ताट हळूहळू फिरविले. महाराज बोलिले, अरे, आमटीही आहे की. तेव्हा बाईसाहेबांचे छातीत ऐसे धडधडू लागले की, तो आवाज मेण्याच्या भोयांस ऐकू जाईल ऐसे त्यांस वाटले. त्या उठल्या. महाराजांचे पाठीमागून वळसा घालून, त्या घराण्यातील कोणतीही राणी जेथे कधी बसली नव्हती तेथे, उजव्या हातास, नुसत्या जमिनीवर बसल्या. महाराजांनी मान वर केली. हातचा घास हातात राहिला.

“आलात?” महाराज बोलिले. “किती वाट पाहावयास लाविलीत. रोज पुसत होतो, कोणी धड सांगेना.”

“मी येथेच होते,” बाईसाहेब बोलिल्या. “तुमच्या डाव्या हातास.”

महाराजांनी पुष्कळ विचार केला. मग लहान आवाजाने पुसिले, “त्या हातास काय असते?”

बाईसाहेबांनी ताट बाजूस केले, महाराजांचा डावा, जड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि सर्वांदेखत रडल्या. टोमणा तो टोमणा नव्हताच. तो मनुष्य रोज तिला हुडकीत होता, आणि काखेत कळसा, गावाला वळसा, ऐसे सर्व राज्याचे जाहले होते. मेणा रिकामा परत गेला.

वैद्यराजांस बोलाविले, त्यांनी मग परत तपासून सांगितले की, डोळा शाबूत आहे, डोळ्यामागील दिवा एका अंगास विझला आहे. त्या अंगाचे जग महाराजांस दिसत नाही, तिकडून आलेला शब्दही उजवीकडचा वाटतो, आणि दिसत नाही हेही कळत नाही. केदारभट खाली मान घालून उभे होते. ते बोलिले की, मी नजर कोठे जाते ते मोजिले, महाराज रोज काय पुसतात ते मजला ऐकू येत होते, परंतु ते मोजण्याजोगे वाटले नाही. बाईसाहेबांनी त्यांस दोष दिला नाही. उलट, आम्हीही ऐकत होतो, भटजी, म्हणून म्हणाल्या, आणि उपाय पुसिला. मग भटजींनी आपले यंत्र चांगल्या कामास लाविले. कोणत्या रंगाने महाराजांची नजर कणभर तरी डावीकडे सरकते ते शोधिले, आणि पोथीचे पानास, ताटाचे काठास, दाराचे चौकटीस, सिंहासनासही डावीकडून तांबडी दोरी लाविली, की ती दोरी सापडेतो मान वळवावी. बाईसाहेब उजवीकडून आरंभ करून रोज आपले आसन थोडे थोडे डावीकडे सरकवीत, बोलत बोलत, बांगड्या वाजवीत, आणि महाराजांची नजर त्यांचे मागोमाग ओढत नेत. नाकापुढे आले म्हणजे नजर हटकून अडे. कित्येक दिवस ती तेथेच अडली, आणि महाराज वैतागून काठी फेकीत, आणि बाईसाहेब काठी आणून देत आणि म्हणत, आज पुरे, मी उजवीकडे येते. विसाजीपंतांनी एकदा चाल मोडते म्हणून कुरकुर केली. तेव्हा बाईसाहेबांनी, पंत, आपले केशरी पागोटे महाराजांचे डाव्या हातास ठेवून पाहावे, म्हणून हसून सांगितले. त्यानंतर पंत पांढरे पागोटे घालू लागले.

सारांश, दिवा पुरता पेटला नाही, परंतु विझलाही नाही. चटणी कधी खाल्ली जाई, कधी राही. सिंहासनास आता दोन्ही हातांस राणीची आसने आहेत, आणि बाईसाहेब महाराजांचा दिवस बरा की वाईट ते पाहून बसतात. महाराज दरबारी येतात, उजवीकडे पाहतात. तेथे कोणी नसले म्हणजे थांबतात, तांबडी दोरी शोधतात, दोरीपलीकडे मान वळवितात, आणि बाईसाहेब सापडेपर्यंत कोणाचाही मुजरा घेत नाहीत. तोवर सर्व दरबार वाकून उभा राहतो. पाठी दुखतात, परंतु कोणी हू की चू करीत नाही. पाहिले ते लिहिले. वाचणाराने आपल्या डाव्या हातास एकदा पाहावे.