भिंतीवरची फणसपोळी

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसणाऱ्याला झोप लागते, हा कीर्तनातला नेहमीचा अनुभव. आणि ही गोष्ट झोपेत ऐकण्यासारखी नाही. एका फणसाने भल्याभल्या विद्वानांना कसं जागं केलं, ते ऐका.

शहाऐंशी सालचा मे महिना. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात हवामानाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांची परिषद भरली होती. कुणी ढगांवर संशोधन करणारं, कुणी दर्याच्या पाण्यावर, कुणी भातावर, तर कुणी जुन्या दुष्काळांच्या कागदांवर. एरवी एकमेकांच्या इमारतीची पायरी न चढणारी ही पोरं दोन दिवस एका पंगतीला बसणार होती. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी वह्या उघडून, कान टवकारून बसली होती बिचारी. पाहून हात जोडावेत असं दृश्य.

अडचण एकच होती. कुणाचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. ढगवाला उभा राहिला की भातवाले पेंगायचे, आणि भातवाला उभा राहिला की दर्यावाले चहाला जायचे. पुण्याहून आलेल्या अध्यक्ष सरांनी तर पारदर्शक प्लॅस्टिकचे चाळीस ताव आणले होते. ते यंत्रावर ठेवायचे, की त्यांवरचे आलेख उजेडातून भिंतीवर मोठे दिसायचे. सतराव्या तावाला कुणीतरी घोरलं. सरांनी ते खुर्ची सरकल्याचा आवाज म्हणून सोडून दिलं.

मात्र शेवटी त्यांनी जे सांगितलं, त्याने सगळे ताठ बसले. "पुढच्या महिन्यात आपली संशोधन नौका अरबी समुद्रात जाणार आहे. तिच्यावर एका विद्यार्थ्याची जागा आहे. ज्याचा निबंध सर्वांत चांगला, तो जाईल."

तिथल्याच मांडवी बंदरावरच्या दमयंतीचा जीव त्या जागेवर जडला. तिचे वडील काशीराम जन्मभर बोटीवर होते, आणि ही समुद्राचा अभ्यास करणारी मुलगी बंदराच्या धक्क्यापलीकडे कधी गेली नव्हती. महिनाभर खपून तिने अकरा ताव रंगवले होते. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिची पाळी होती. गर्दीत ताव पुसले जातील म्हणून सकाळी जाताना ते तिने घरीच ठेवले.

दुपारी जेवायला घरी आली, तर अंगणातल्या उन्हात अकरा फणसपोळ्या वाळत होत्या. तिच्या तावांवर.

"आत्ये!"

गंगुबाई हात पुसत बाहेर आली. "काय गो, ओरडतेस कशाला? गरम गर हाय, बोट लावू नको."

"हे प्लॅस्टिक कुठलं घेतलंस?"

"तुझ्या टेबलावरचं. कोणी त्यावर रेघोट्या मारलेल्या, बाय माझे! चांगलं गुळगुळीत प्लॅस्टिक फुकट जात व्हतं. साबणाने घासलं, तुपाचा हात फिरवला नि थापल्या पोळ्या. बघ कशा एकसारख्या आल्यात!"

दमयंती मटकन पायरीवर बसली. "त्या रेघोट्या म्हणजे माझा निबंध होता गो. यंत्रावर ठेवून भिंतीवर दाखवायचा होता."

गंगुबाईचा चेहरा उतरला. पदराने डोळे टिपून ती म्हणाली, "चुकलं माझं. पण मला सांग, आपल्या देवळात बुवा कीर्तनाला उभे राहतात, ते कधी भिंतीवर चित्रं दाखवतात?"

"नाही."

"मग तीन तास माणसं हालत नाय ती कशाने? बुवा एक ओळ धरतात, सगळं रान फिरून परत त्याच ओळीवर येतात. तू तुझी ओळ सांग बघू. मला कळली, तर तुझ्या पंडितांना पण कळेल."

दमयंतीने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा गंगुबाई म्हणाली, "नाय कळलं." चौथ्या वेळी रडकुंडीला येऊन ती म्हणाली, "आधी दर्या तापतो, मग दारी पाऊस येतो!"

"ही तुझी ओळ! चल. आणि एक पोळी घे बरोबर. यंत्र मोकळं बरं नाय दिसत."

चार वाजता दमयंतीने तावासकट फणसपोळी यंत्रावर ठेवली. सगळी भिंत सोन्यासारखी झळाळली. सभागृहात घमघमाट सुटला. पेंगणारे भातवालेही जागे झाले.

"हे काय आहे?" अध्यक्ष सरांनी चष्मा पुसला.

"सर, हा मे महिन्यातला अरबी समुद्र," दमयंतीच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिला वाटच सापडली. "उन्हात ही पोळी वाळते. तिच्यातलं पाणी कुठे जातं?"

"वर!" मागच्या बाकावरून गंगुबाई म्हणाली.

"तसंच दर्याचंही वर जातं. वारा ते आपल्या दारी आणतो. आधी दर्या तापतो..."

"मग दारी पाऊस येतो!" आता भातवालेही म्हणाले.

तेवढ्यात पोळीबरोबर आलेली एक मुंगी भिंतीवर म्हशीएवढी होऊन चालू लागली. हशा उसळला. दमयंती शांतपणे म्हणाली, "ही आपली नौका. पाणी कुठे किती तापलंय, ते तिने जागोजागी जाऊन मोजलं पाहिजे." मुंगी थांबली की दमयंती एक आकडा सांगे. अकराही तावांवरचे आकडे तिला पाठ होते. महिनाभर रंगवले होते ना! पंधरा मिनिटं संपली तेव्हा ढगवाला भातवाल्याला पेरणीच्या तारखा विचारत होता आणि चहाला कुणीच गेलं नव्हतं. गंगुबाई कीर्तनाच्या सवयीने पुढे येऊन वक्त्याच्या पाया पडायला वाकली. दमयंतीने तिला वरच्यावर धरून तिच्याच पायांना हात लावला.

जागा दमयंतीला मिळाली. "सगळ्यांना कळलेला हा एकच निबंध," अध्यक्ष सर म्हणाले. "माझा धरून."

संध्याकाळी मांडवीच्या अंगणात गंगुबाई पोळ्या उलटत होती. फाटक वाजलं. अध्यक्ष सर एकटेच उभे होते, काखेत चाळीस तावांचं बाड.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मुंबईला माझं भाषण आहे. अजून एखादा फणस शिल्लक असेल का?"

गंगुबाईने बाड हातात घेतलं, एक ताव उजेडात धरला आणि म्हणाली, "घासायला जरा जड जाईल हो. पण जाईल."

तर मंडळी, मे महिन्यात फणसपोळीचा तुकडा तोंडात टाकाल, तेव्हा मांडवीच्या गंगुबाईची एकदा आठवण काढा. आणि पावसाळ्यात दारी पाऊस आला, की दर्यावर गेलेल्या तिच्या दमूचीही.