दिनूमामाची आगीची टाकी

माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नवऱ्यामुलाच्या मागे मामाच नव्हता. शोधाशोध झाली. दिनूमामा आकुर्डीतल्या त्या कार्यालयाच्या मागे, आगीसाठी बसवलेला लाल नळ सोडून, घड्याळ लावून बादली भरत होता. शेवटच्या अष्टकाला तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. कानात म्हणाला, "धार लई बारीक हाय. होम लवकर उरकायला सांग."

मामा चाकणच्या एका कंपनीत आग विझवणाऱ्यांच्या खात्यात होता. तीस वर्षांत तिथे आग अशी लागलीच नाही. बाकीचे कामगार 'फुकटचा पगार' म्हणून चिडवायचे. मामा म्हणायचा, "न्हाई लागली ना? त्योच पगार." सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो की पाण्याची चाचणी बघायला न्यायचा. मला कॅनव्हासचा पाइप धरायला द्यायचा. पाणी सुटलं की मी पाइपला लोंबकळायचो आणि कुंपणापलीकडचं कांद्याचं वावर भिजायचं. वावराचा मालक मामाला दिवाळीला कांद्याची पाटी पाठवायचा. आता तिथे गोदामं आहेत. ओल्या कॅनव्हासचा वास मात्र अजून कुठे आला, की मी आपला उगाच दहा वर्षांचा होतो.

मामाचा सिद्धांत असा, की तळमजल्यावर कुठलाही नळ फुशारक्या मारतो. खरं पाणी शेवटच्या मजल्यावर कळतं. त्यामुळे कुणी काहीही कौतुकानं सांगितलं की मामाचा प्रश्न ठरलेला, "वरच्या मजल्यावर किती?" माझे दहावीचे टक्के ऐकूनही त्यानं माझ्या कपाळावर बोट टेकवून हेच विचारलं होतं. उत्तर अजून दिलेलं नाही.

वाकडच्या आमच्या इमारतीत मामा पहिल्या मजल्यावर राहतो; आगीच्या पंपाची किल्ली त्याच्याकडेच असते. मामी गेल्यापासून एकटाच. आम्ही बाराव्यावर. आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, खुब्याचं हाड मोडल्यापासून आमच्याकडे अंथरुणाला खिळलेली.

यंदाच्या उन्हाळ्यात पाणी दिवसाआड झालं आणि टँकरही येईनात. पार्किंगमध्ये मीटिंग भरली. सेक्रेटरी म्हणाले, "मामा, आगीची टाकी भरून ठेवलीय आणि माणसं बिनआंघोळीची. आठ दिवस वापरू की राव."

"वापरा. मग वरच्या मजल्यावर किती?"

या वेळी कुणी हसलं नाही. मामा म्हणाला, "धार बाराव्यापर्यंत जोरात चढाय पायजे, अन् बंब येईस्तोवर टिकाय पायजे. रिकाम्या टाकीवर पंप नुसता बोंबलतो."

हात वर करून मतदान झालं. आमच्याकडे दोन दिवसांची खरकटी भांडी होती आणि बायको माझ्याकडे बघत होती. मीही हात वर केला. मामानं त्या हाताकडे एकदा पाहिलं आणि पंपाच्या खोलीची किल्ली सेक्रेटरींना देऊन टाकली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात मामा. हातात पिशवी, डोक्यावर कंपनीतलं जुनं हेल्मेट.

"टाकी भरेपतुर हितंच ऱ्हातो."

"मामा, एवढं काय झालं?"

"आगीत लिफ्ट वापरायची नसती. अक्काला जिन्यानं उतरवायला दोन माणसं लागत्यात. एक तू. दुसरा कोण?"

भांड्यांसाठी हात वर करताना आई कितव्या मजल्यावर आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मामानं दारापाशी अंथरूण टाकलं. गॅसजवळ ओलं पोतं ठेवलं. देवापुढच्या उदबत्तीवर पहारा बसवला. बायको वैतागली. पण दुपारी आईच्या खोलीतून भांडण ऐकू यायचं. ज्वारी राखायची पाळी कुणाची होती आणि मचाणावर झोपलं कोण, असं साठ वर्षांपूर्वीचं भांडण. अर्ध्या भाकरीवर आलेली आई पुरी भाकरी खाऊ लागली. मामा दुसरी मागून घ्यायचा.

नवव्या दिवशी टँकर आले आणि टाकी भरली. मामानं पंप चालवून पाहिला, वर येऊन आमच्या दाराबाहेरचा लाल नळ सोडला, दाबाची सुई बघितली. "बराबर हाय. आता काळजी न्हाई," म्हणाला आणि दोरीवरची लुंगी काढून पिशवीत भरू लागला. एका लुंगीची घडी त्यानं तीनदा घातली.

आतून आईचा आवाज आला, "दिन्या, येकदाच बघितलंस व्हय? मला धारेचा आवाज बारीक वाटला."

मामानं पिशवी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्काला वाटतंय म्हंजी परत बघावं लागंल. चार दिस तरी जात्याल."

आणि लुंगी पिशवीतून काढून पुन्हा दोरीवर टाकली.