पहिल्या नंबरचा खुलासा

वखारीशेजारच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका तिसरीच्या मुलांची नखं तपासत होत्या, तेव्हा शिक्षण कार्यालयातून फोन आला. विभागातल्या सत्तावीस सरकारी शाळांची तुलना करून कार्यालयाने क्रम लावला होता आणि त्यात बाईंची शाळा पहिली आली होती.

"कुठून पहिली?" बाईंनी विचारलं.

"वरून, बाई," कारकून म्हणाला. "अभिनंदन."

बाई आपल्या शाळेला चांगल्याच ओळखून होत्या. दोन खोल्यांचं छत गळत असल्यामुळे तिसरी, चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसत. वखारीतली करवत सुरू झाली की कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून ती थांबेपर्यंत सगळे गप्प राहत. गणिताच्या शिक्षकांची बदली होऊन त्यांच्या जागी कुणीच आलेलं नव्हतं. पाचवीतल्या निम्म्या मुलांना भागाकार येत नव्हता. उरलेल्या निम्म्यांना येतो, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई कार्यालयात गेल्या. कारकुनाने त्यांच्यासमोरच कॉम्प्युटरवर यादी उघडली आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. "बाई, यादी उलटी लागली. तुम्ही सत्ताविसाव्या आहात."

"हां, आता बरोबर जुळलं," बाई समाधानाने म्हणाल्या.

पण आतल्या खोलीतल्या शिक्षणाधिकारी साहेबांना ते जुळेना. "बातमी छापून आलीय. दुरुस्ती काढायची म्हणजे आधी चूक कबूल करायची. त्यापेक्षा तुम्ही वर्षभर जरा सांभाळून घ्या."

"काय सांभाळू?"

"पहिला नंबर," साहेब म्हणाले आणि दुसरी फाईल ओढली.

बाहेर कारकून खाली मान घालून उभा होता. "माझ्यामुळे तुम्हाला ताप झाला, बाई."

"असू दे हो. इतक्या वर्षांत आमच्या शाळेला कुणी फोन करून अभिनंदन केलं नव्हतं. काल मुलांनी टाळ्या वाजवल्या. जेवलात का तुम्ही?"

यादी उलटी लागल्यामुळे टेकडीवरची शाळा तळाला गेली होती. ती दरवर्षी पहिली यायची. तिचे हेडसर शिस्तीचे आणि गणिताचे. पालकांनी त्यांना सुनावलं, "त्या वखारीच्या शाळेत जाऊन बघा तरी, काय करतात ते." हेडसर अपमान गिळून वही-पेन घेऊन आले.

फाटकातच बाई म्हणाल्या, "सर, आमचा नंबर चुकून आलाय."

"मोठी माणसं असंच बोलतात," हेडसर म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

तीन वर्ग एका खोलीत पाहून त्यांनी लिहिलं, 'एकत्रित अध्यापन.' तेवढ्यात करवत सुरू झाली, सगळी खोली चिडीचूप झाली. त्यांनी लिहिलं, 'ठरावीक वेळाने चिंतन.' हे टिपण साहेबांकडे पोहोचलं. साहेबांनी परिपत्रक काढलं. धडधाकट इमारती असलेल्या शाळांनी दोन-दोन खोल्यांना कुलपं लावली आणि करवत नसलेल्या शाळांत मुलं घंटा वाजवून गप्प बसू लागली. एका मुख्याध्यापकांनी तर बाईंना फोन करून विचारलं, "चिंतनाच्या वेळी मुलांनी नेमकं काय करायचं?"

"कान झाकायचे," बाई म्हणाल्या. तेही पुढच्या परिपत्रकात आलं.

हेडसर मात्र येतच राहिले. एकदा त्यांना राहवेना. त्यांनी पाचवीतल्या एका मुलीला फळ्याजवळ बोलावून चौऱ्याऐंशी भागिले चार करायला सांगितलं.

"आधी तुम्ही करून दाखवा," ती म्हणाली. त्यांनी करून दाखवलं.

"पण शेवटचा आकडा खाली का उतरवला?"

"तो उतरवायचाच असतो."

"पण का?"

आख्ख्या नोकरीत हेडसरांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या मुलांना उत्तरं येत, आणि उत्तर आलं की मुलं गप्प बसत. त्यांनी खडू खाली ठेवला. मग वखारीतून लाकडाचे तुकडे मागवून जमिनीवर बसले आणि वाटण्या करू लागले. तीन वर्ग त्यांच्याभोवती गोळा झाले. शाळा सुटली तरी कुणी उठेना.

शेवटी हात झटकत ते बाईंकडे आले. "बाई, मला वाटतं, तुमचा पहिला नंबर चुकून आलाय."

"मी फाटकापासून तेच सांगतेय, सर. यादी उलटी लागली होती."

हेडसर आधी गंभीर झाले, मग त्यांना हसू आवरेना. "म्हणजे शेवटून पहिले आम्ही नाही?"

"आम्ही."

"आता उद्यापासून येऊ नको म्हणता का?"

"येऊ नका असं कोण म्हणतंय?" बाई म्हणाल्या. "गणिताला कुणी द्या म्हणून मी किती अर्ज केले. चुकून का होईना, तुम्ही आलात."

सर येत राहिले. आपल्या शेजारी पहिल्या नंबरची शाळा आहे म्हणून वखारवाल्याची छाती फुगली होती. त्याने छत दुरुस्त करून दिलं आणि शाळेच्या वेळात करवत बंद ठेवली. तिन्ही वर्ग आपापल्या खोलीत गेले. इतर शाळांत चिंतन चालूच होतं.

वर्षाने नवी यादी लागली. या वेळी कारकुनाने ती रडकुंडीला येईपर्यंत तपासली होती. वखारीची शाळा तेरावी आली. टेकडीवरची दुसरी आली, कारण तिथली मुलंही आता "पण का?" विचारू लागल्याने शेवटचे दोन धडे राहून गेले होते.

कार्यालयाच्या दप्तरी मात्र हिशेब सरळ होता. शेवटून थेट दुसरी आल्याबद्दल टेकडीवरच्या शाळेला सर्वाधिक प्रगतीची ढाल मिळाली. पहिल्यावरून तेराव्या नंबरावर घसरल्याबद्दल वखारीच्या शाळेला खुलासा मागणारी नोटीस मिळाली.

समारंभात हेडसरांनी ढाल घेतली, पायऱ्या उतरून ते तिसऱ्या रांगेत आले आणि ती बाईंच्या मांडीवर ठेवली. "मला ज्या शाळेने शिकवलं, तिचे आभार," एवढंच बोलून ते शेजारी बसले. बाई ढालीवरची धूळ पदराने पुसत राहिल्या. धूळ नव्हती.

थोड्या वेळाने हेडसर कुजबुजले, "खुलाशात काय लिहिलंत?"

"खरं तेच. की मुलांना आता भागाकार येतो, छत गळत नाही, तीन वर्ग तीन खोल्यांत बसतात, आणि म्हणून शाळा तेरावी आली."

"मग? साहेब काय म्हणाले?"

"शेरा आलाय," बाई म्हणाल्या. "'खुलासा समाधानकारक. कारणे तातडीने दूर करावीत.'"