आमच्या भाऊजींचा कंपायलर

हेमंतभाऊजींना बघायला मुलीकडची मंडळी आमच्याकडे पनवेलला आली होती, तेव्हाची गोष्ट. हेमंतभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मुलीच्या वडिलांनी चहाचा कप टेबलावर ठेवला न ठेवला तोच नवरदेव गायब! बघते तर टेबलाखाली. हातात स्क्रू ड्रायव्हर.

"पाय हलतोय," खालून आवाज आला. "आज वॉर्निंग आहे, उद्या एरर होईल."

मुलीच्या वडिलांनी घाईघाईने स्वतःचे पाय वर घेतले. चहा अर्धा टाकून मंडळी गेली, ती गेलीच. भाऊजी गुडघे झटकत बाहेर आले आणि मला म्हणतात कसे, "वहिनी, झालं फिक्स!"

टेबल फिक्स झालं. लग्न राहिलं ते राहिलंच.

"आज वॉर्निंग, उद्या एरर" हा या माणसाचा गुरुमंत्र. आमटी जरा खाली लागली, वॉर्निंग. लिफ्टने दार लावताना कुरकुर केली, वॉर्निंग. माझा आणि माझ्या नवऱ्याचा आवाज चढला की हे ताटावरून मान वर न करता म्हणणार, "दादा, वॉर्निंगकडे दुर्लक्ष करू नकोस." अरे, तुला कोणी विचारलंय का? गिळ की मुकाट्याने!

आता कंपायलर म्हणजे काय, हे मला या घरात आल्यावर नको इतकं कळलं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या पचनी पडेल असा करून देतो, तो कंपायलर. तर या मेल्याची दरवर्षी नवी आवृत्ती निघते, आणि प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा खडूस. जुना म्हणायचा, चूक आहे, पण चालवून घेतो. नवा म्हणतो, अजिबात नाही. बदली होऊन आलेला नवा हेडमास्तर असतो ना, तसा. मग कालपर्यंत बरे चाललेले जुने प्रोग्राम अडून बसतात, आणि ते लिहिणारे तर केव्हाच सोडून गेलेले असतात.

अशा बेवारशी प्रोग्रामांना हे लोक "अनाथ पॅकेज" म्हणतात, आणि आमचे भाऊजी ती दत्तक घेतात. फुकट! दिवसभर कंपनीची नोकरी, आणि ती संपली की ही पोरं. कंपायलरचं नवं व्हर्जन आलं की एकेक पॅकेज समोर घ्यायचं, अडलेली ओळ शोधायची, ती बदलायची, पुन्हा चालवून बघायचं. चेहरा असा, की जणू पेशंट टेबलावर आहे.

"कोण वापरतं हो हे?" मी एकदा विचारलं.

"आहे एक जण. फिनलंडला असावा."

"असावा?"

"मागच्या वेळी तक्रार केली होती त्याने!" भाऊजींचा चेहरा फुलून आला. तक्रार आली म्हणून हरखणारा माणूस मी जन्मात हा एकच पाहिला.

पण खरा तमाशा घरातल्याच एका प्रोग्रामचा. माझ्या सासूबाईंचं माहेर समुद्रकाठच्या करंजा गावचं, सासर ओवे गावचं. ओव्याची जमीन नव्या शहरासाठी गेली, मग आम्ही पनवेलच्या फ्लॅटमध्ये आलो. सासूबाईंची शाळा बेताचीच, पण पेपर वाचायचं भारी वेड. पुढे डोळे गेले आणि पेपर सुटला. तेव्हा भाऊजींनी कुठूनसा एक जुना प्रोग्राम शोधून त्यांच्या खोलीत बसवला. तो नेटवरच्या पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचतो. आवाज सर्दी झालेल्या कंडक्टरचा. त्यातून लांबलचक वाक्य आलं की गप्पच!

मग आतून हाक यायची, "हेमंता, इकरं ये, अडकलं रं!"

भाऊजी उठायचे, आईच्या पायाशी बसायचे, दोन बटणं दाबायचे. तेवढ्यात सासूबाई करंज्याच्या बोटींचं, कुणाच्या सुनेचं, गावच्या जत्रेचं काय काय सांगायच्या. भाऊजी नुसते "हं, हं" करायचे. रोज हेच. मी म्हणायचे, दिव्याखाली अंधार बघावा तो इथे! फिनलंडच्या माणसाचं सगळं सुरळीत, आणि आईचं यंत्र कायम अडकलेलं.

"तुम्हीच का नाही वाचून दाखवत?" एकदा मी विचारलं.

"माणसाने वाचलं तर ते स्केल होत नाही वहिनी. एक माणूस किती जणांना पुरणार?"

"अहो, एकच तर आई आहे तुम्हाला!"

भाऊजींनी लॅपटॉपमध्ये मान घातली.

यंदा पुन्हा नवा कंपायलर आला. भाऊजींनी नेहमीप्रमाणे घरातले सगळे कॉम्प्युटर नव्यावर नेले, आणि सासूबाईंचा प्रोग्राम साफ मुका झाला. नवा हेडमास्तर नेमका त्या लांब वाक्याच्या जागेवर बोट ठेवून बसला: आधी ही चूक सुधारा, मगच पुढे. भाऊजींनी फिनलंडचं केलं, बाकीची सगळी पोरं रांगेला लावली, आणि हे एकच तेवढं उद्यावर ढकलत राहिले. सासूबाई घरी येणारा पेपर घडी न मोडता मांडीवर घेऊन त्यावरून हात फिरवत बसायच्या. शेवटी माझं डोकं फिरलं.

"लाज नाही वाटत? म्हातारी तोंड मिटून बसलीये! इतकी वर्षं एक चूक सुधारता येत नाही तुम्हाला?"

"येते की," भाऊजी स्क्रीनकडे बघत म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहितीये. एका ओळीचं काम आहे."

"मग?"

"सुधारली तर अडकणार नाही. अडकलं नाही तर ती हाक कशाला मारेल?"

मला संताप आला. "अहो, मग तसेच जाऊन बसा ना तिच्यापाशी!"

"तसा बसलो की तिला वाटतं, काहीतरी झालंय. लगेच विचारते, नोकरी हाय ना रं? आणि मला... मला बोलायला सुचत नाही वहिनी."

चाळिशी उलटलेला बाप्या, आणि आईशी बोलायला याला बिघडलेलं यंत्र लागतं! मी कपाळाला हात लावला. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्यांना फाडून खावंसं वाटलं नाही.

त्यांनी ती ओळ बदलली. कंपायलरने एकही वॉर्निंग न देता प्रोग्राम पास केला. एरवी अशा वेळी हा माणूस टाळी वाजवतो. आज नुसता लॅपटॉप मिटला. आत कंडक्टर सुरू झाला. लांब वाक्य आलं, गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. भाऊजी स्वयंपाकघराच्या दाराशी उभे, कान आतल्या खोलीकडे. हाक काही येईना.

मग एकाएकी अर्ध्या वाक्यात आवाज बंद झाला.

"हेमंता!"

भाऊजी धावले. मीही मागोमाग. "अडकलं? आये, कसं अडकेल?"

"अडकलं नाय. मीच बंद केलं." सासूबाईंनी मांडीवरचा पेपर त्यांच्या दिशेने पुढे केला. "तू वाच."

"आये, ते बरोबर वाचतंय. मी सगळं टेस्ट केलंय!"

"वाचतंय रं. पन आता त्याला मधेच काय सांगाला गेली त थांबत नाय."

भाऊजी खाली बसले. पेपर उलगडला, घसा खाकरला, आणि त्या कंडक्टरपेक्षाही रटाळ आवाजात पहिली बातमी वाचायला घेतली. एक वाक्य झालं आणि आपणच थांबले.

"बोल आये," म्हणाले.