डावं-उजवं

आमच्या भोईवाड्याच्या चाळीतले शशिकांत गावडे सायकलला कुलूप लावत नाहीत. ते तिची दोन्ही पेडलं काढतात, कापडी पिशवीत घालतात आणि बरोबर घेऊन फिरतात. बँकेत, भाजीला, लग्नालासुद्धा. एकदा परळच्या एका हॉलमध्ये पंगतीला ते माझ्या शेजारी होते. वाढप्याने पिशवी खाली ठेवायला सांगितली, तर म्हणाले, "खाली नको. त्यांना धक्का चालत नाही." पिशवीत देव आहेत असं वाटून वाढप्याने नमस्कार केला. गावड्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

ही पेडलं साधी नव्हेत. त्यांच्या आसात जोर मोजणारं यंत्र असतं. आपण किती रेटा दिला ते मोबाइलवर वॅटमध्ये दिसतं. डाव्या पायाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. विमा कंपनीत कारकुनी करणाऱ्या, लग्न न केलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे कळून काय करायचं आहे, असं चाळीत सगळ्यांनी विचारून झालं. गावडे म्हणत, "माणसं डावं-उजवं करतात. हे फक्त दाखवतं."

मीही मध्यंतरी हौसेने रोड बाइक, म्हणजे शर्यतीची सायकल घेतली आणि तसलीच पेडलं घ्यावीत म्हणून त्यांचा सल्ला विचारला. ती चूक होती. ते माझ्या घरी आले, चहाला नको म्हणाले आणि माझे सायकलचे बूट उलटे करून बघत बसले. या बुटांच्या तळाला एक पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन अडकते.

"पत्रिका जुळत नाही," गावडे म्हणाले.

"म्हणजे?"

"पट्टी एका कंपनीची, तू घेतोयस ते पेडल दुसऱ्या कंपनीचं. नांदायची नाहीत."

"मध्ये काहीतरी जोड लावता येईल ना?"

"जुगाड करायचा तर साधं पेडल घे. जुगाडात खरा आकडा येत नाही."

खरा आकडा हा त्यांचा धर्म होता. 'बरं आहे', 'ठीक चाललंय' ही उत्तरं त्यांना चालत नसत. यंत्रावरही त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. प्रत्येक वेळी पेडल बसवलं की पाय न ठेवता ते शून्यावर आणायचं, मगच निघायचं. खाली सायकलपाशी ते असे डोळे मिटल्यासारखे उभे राहिले की येणारेजाणारे बाजूने वाट काढत.

गावड्यांच्या घरात दुसरं माणूस एकच, त्यांची थोरली बहीण सुलूताई. आईवडील लवकर गेले. धाकट्या भावाला वाढवायचं म्हणून ताईंनी लग्नाचा विषय बंद केला, आणि ताईंना एकटं कसं सोडायचं म्हणून पुढे भावाने. दोघं एकमेकांवर सतत चिडलेली असत. इतकं प्रेमाचं चिडणं मी दुसऱ्या घरात पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी सुलूताईंना झटका आला आणि डावी बाजू गेली. वाचा परतली, हात थोडा हलू लागला, पाय मात्र तसाच राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी घरात जागेवरची सायकल ठेवायला सांगितली. ताई रोज तिच्यावर बसत. पण त्या सायकलचे, पेडलं ज्यांना लागतात ते दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले. एक फिरला की दुसरा आपोआप फिरतो. डावा पाय ढकलतोय की नुसता वाहून नेला जातोय, हे बाईंनाही सांगता येईना. शेवटी ताईंनी बसायचंच सोडलं.

"उजवो फिरवता म्हणान डावो फिरता," त्या मला म्हणाल्या. "लाकूड झालाहा त्याचा. फुकट कित्याक बसयतत माका?"

त्यानंतर गावडे पिशवीशिवाय फिरताना दिसू लागले आणि त्यांची सायकल जिन्याखालून हलेना. एका रविवारी सकाळी ते दारात आले. "जरा येतोस? ताईला बसवायला हात हवाय."

त्यांची पेडलं ताईंच्या सायकलला लागली होती. तिच्या जुन्या दांड्यांची भोकं लहान, पेडलचे आटे मोठे. म्हणून गावड्यांनी लालबागच्या एका वर्कशॉपमधून दांडेच बदलून आणले होते. बुटांचे दोन जोड घेतले होते, कारण सुजेमुळे ताईंचा डावा पाय उजव्याहून एक नंबर मोठा झाला होता. उरलेला एक डावा आणि एक उजवा खोक्यात पडला होता. गाऊन घातलेल्या सुलूताई ते शर्यतीचे बूट घालून, तोंड फिरवून बसल्या होत्या.

आम्ही त्यांना वर बसवलं. गावड्यांनी आधी पेडलं शून्यावर आणली, मग बूट एकेक करून अडकवले आणि मोबाइल हातात धरला. ताईंनी फिरवायला सुरुवात केली. उजवीकडे आकडा चढला. डावीकडे शून्य. बराच वेळ शून्यच. मग चार.

"थांब," गावडे म्हणाले. त्यांनी दोन्ही बूट सोडवले, पुन्हा शून्य केलं, पुन्हा अडकवले. ताईंनी फिरवलं. डावीकडे पुन्हा चार, मग पाच.

"बॅटरी उतरली असेल," ते म्हणाले. बॅटरी बदलली. पुन्हा पाच. ते पेडलचे आटे चाचपू लागले. ते यंत्राची चूक शोधत नव्हते, त्या पाचवर विश्वास ठेवायची त्यांना भीती वाटत होती. ताईंना आशा लावायची आणि ती खोटी निघायची, यापेक्षा त्यांना शून्य परवडलं असतं.

ते तिसऱ्यांदा बूट सोडवायला वाकले, तेव्हा ताईंनी चांगल्या हाताने त्यांचा खांदा धरला.

"शशी, मशीनीक कित्याक दोष देतस? मी ढकलतंय मरे."

गावडे तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि दोन्ही हात ताईंच्या डाव्या गुडघ्यावर ठेवले.

"परत ढकल," ते म्हणाले.

आणि ताईंनी ढकललं.