घोरपडेबाईंची मधली सुट्टी

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे बरं का बाळांनो, कुठल्यातरी भलत्याच जंगलात, ससे आणि खारी राहत. ससे मातीपंथी. जेवणाआधी जमिनीला नाक टेकून डोळे मिटायचे. खारी आभाळपंथी. त्या मान वर करून डोळे मिटायच्या. एवढ्यावरून दोघांत पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद. हसू नका!

घोरपडेबाई नावाच्या घोरपडीला याचं फार वाईट वाटे. तिनं वडाखाली शाळा काढली. सगळी पिल्लं एकाच वर्गात. दुसरी शाळाच नव्हती, म्हणून आईबापांनी नाइलाजानं धाडली.

पहिल्याच मधल्या सुट्टीत घोटाळा. सशांची नाकं मातीत, तेवढ्यात कावळ्यानं गाजरं पळवली. खारींच्या माना वर, तेवढ्यात मुंगळ्यांनी शेंगा फस्त केल्या. वर्गभर नुसतं भोकाड!

मग पिल्लांनीच तोडगा काढला.

"आधी तुम्ही डोळे मिटा, आम्ही मुंगळे झटकतो," सशाची बकुळी म्हणाली.

"मग तुम्ही मिटा, कावळ्याचं आम्ही बघतो," खारीची चिमखडी म्हणाली.

बाईंना गहिवरून आलं. जन्माचं सार्थक झालं असं वाटलं. आणि त्या बिचाऱ्या हे कौतुक बघायला पालकांना बोलावून बसल्या.

पालक आले, बघितलं आणि हादरले.

"आमची बकुळी खारींच्या प्रार्थनेची राखण करते?" तिचे वडील कानविंदेकाका किंचाळले.

"आणि आमची चिमखडी उद्या मातीत नाक खुपसायला लागली म्हणजे?" तिची आई शेपटेकाकू फणकारल्या.

"अगदी बरोबर बोललात, काकू."

"मी पहिल्यापासून हेच म्हणतेय, काका."

बाई बघतच राहिल्या. हे दोघं चक्क एकमेकांशी बोलत होते!

"अहो, पण पोरं आता उपाशी राहत नाहीत," बाई कळवळून म्हणाल्या.

"राहू देत उपाशी!" दोघं एका सुरात म्हणाले.

त्याच संध्याकाळी शाळा हटाव संयुक्त कृती समिती निघाली. काका अध्यक्ष, काकू सरचिटणीस. एकाच सतरंजीवर बैठका, एकाच किटलीतला चहा. वडाला कुलूप कसं लावायचं यावर तीन बैठका गेल्या. शेवटी फळा नदीत बुडवला. बकुळी आणि चिमखडी गळ्यात गळे घालून रडल्या. त्यांना ओढून घरी नेलं.

पुढच्या आठवड्यात समितीनं बाईंचा जाहीर सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. मानपत्रात लिहिलं होतं, 'दुभंगलेल्या समाजाला एकत्र आणल्याबद्दल.'

"बाई, दोन शब्द बोला," काकू म्हणाल्या.

"शाळा उघडा," बाई म्हणाल्या.

बरोबर दोनच शब्द होते. टाळ्यांत कुणाला ऐकू गेले नाहीत.

तात्पर्य: मुलं एकत्र शिकली की समाज एक होतो, हे अगदी खरं. म्हणून तर शाळा काढावी. नाहीतर सगळ्यांनी मिळून बंद काय पाडायचं?